पुस्तकात नसलेली गंगू

संपादकसाहेब, तुमच्या सदरात लोक जे अनुभव लिहून पाठवतात ते मी सगळे वाचतो. वाचतो म्हणजे अक्षराला अक्षर लावत वाचतो, चौथी नापास माणूस मी. आणि वाचून झालं की डोकं फिरतं. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, गाडीत बसते, मागे वळून बघावं तर सीट रिकामी... अरे, त्या बाईला इतक्या वर्षांत दुसरी साडी मिळाली नाही का? मी असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. पनवेलला बंदराकडच्या ज्या भाताच्या गिरणीत माझा जन्म गेला, तिच्या धुराड्यापाशी हडळ आहे असं सगळे सांगायचे. मी त्याच धुराड्याच्या सावलीत रोज दुपारी झोपायचो. कोंड्याने अंगाला खाज सुटायची. बाकी कुणी हात लावला नाही.

मग आता हे का लिहितोय? तर मला राग आलाय. आणि तो जात नाही. मुलगा म्हणतो, बाबा, बीपी वाढेल. वाढू दे. घरात आता ओरडायचं तरी कुणासाठी टाळायचं?

आमचं घर जुन्या पनवेलात, बंदर रोडला, गिरणीच्या मागच्या चाळीत. दोन खोल्या आणि पुढे ओटी. गोष्ट झाली तेव्हा लोकल बेलापूरपर्यंतच यायची. मुलगा आणि सून नवीन पनवेलात ब्लॉक घेऊन राहायला गेलेले. इथे मी आणि माझी बायको यमुना.

यमुना गव्हाणची. तिचा बाप मिठागरावर कामाला. पण पोरीला सातवीपर्यंत शिकवली, आणि आमच्या लग्नात लोक हसले, की नवरी सातवी पास आणि नवरा चौथी नापास. हसू दे. तिचं वाचन म्हणजे असं होतं की श्रावणात आळीत पोथी लागली की तिलाच बसवायचे. आवाज खणखणीत, एक अक्षर खायची नाही.

श्रावण संपला की पोथी बंद, पण यमुनेचं वाचन बंद व्हायचं नाही. मग ती रहस्यकथा वाचायची. आणि वाचायची कशी, तर पोथीसारखीच. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, की हात-पाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ओटीवर पाटावर बसायची आणि मोठ्याने वाचायची. ओळीखाली बोट. आळीतल्या बायका वाल सोलायला घेऊन येऊन बसायच्या. पुस्तकात खून झाला की वाल सोलणं थांबायचं. खुनी पळाला की त्याला आमच्या ओटीवरून शिव्या जायच्या. गिरणीतलं काम सुटल्यापासून मीही भिंतीला टेकून ऐकायचो. आधी झोपायला म्हणून बसायचो. मग झोप लागेना.

आणि पोथीचे नियमही सगळे लावलेले. अध्याय अर्धा सोडून उठायचं नाही. एकदा लावलेलं पुस्तक घरात पुरं झालंच पाहिजे, अर्धं ठेवलं तर दोष. वाचणारी आजारी पडली तर घरातल्या दुसऱ्याने पुरं करायचं. मी चिडवायचो, "अगो, तो बंदुका घेऊन नाचतोय आणि तू डोक्यावर पदर घेतेस?"

"पुस्तक ते पुस्तक," ती म्हणायची. "तुमी गप पडा."

आता ज्या लेखकामुळे हे सगळं झालं, त्याचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही ओळखाल. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर त्याची पुस्तकं दोरीला टांगलेली असायची. ढीगभर लिहिलंय. पण यमुनेला त्याची नवी पुस्तकं आवडेनाशी झाली. नुसती विमानं, बंगले आणि फॉरेनच्या बाटल्या. एक दिवस पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हा बाबा मोटा झाला आणि माणसं इसरला. आता परत पयल्यापासून वाचते याची. कुटं बिघडला ते बघायचंय मला."

झालं. उरण नाक्याला इब्राहिमभाईचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच दुकानात मागच्या भिंतीला त्याची लायब्ररी. माणूस कुवेतला राहून आलेला, पण पुस्तकांचा नाद गेला नाही. त्याने माळ्यावर चढून त्या लेखकाची अगदी सुरुवातीची पुस्तकं काढून दिली. बारीक-बारीक, पिवळी पडलेली, हात लावला तर कोपरा तुटेल अशी. यमुना एक संपवायची, परत करायची, पुढचं आणायची.

अशी करत करत ती ज्या पुस्तकाला आली, त्यात गोष्ट अशी. एका बंदरातल्या लाकडाच्या वखारवाल्याचा खून होतो. अविनाश नावाचा त्याचा कारकून, आळ त्याच्यावर येतो. खून त्याने केलेला नाही. तो पळतो आणि मिठागरावरच्या एका झोपडीत लपतो. इथपर्यंत नेहमीचंच. पण झोपडीत राहते गंगू. तिचा नवरा वखारीत हमाल, आणि त्याच खुनासाठी पोलिसांनी त्यालाही धरून कोठडीत टाकलेला. आता बघा. अविनाशला पोलिसांच्या हवाली केलं, तर गंगूचा नवरा सुटणार. आणि अविनाश निर्दोष आहे हे गंगूला कळलेलं. ती त्याला पेज देते, सोबत सुकट भाजून देते, आणि रात्रभर दारात बसून राहते. नवऱ्याने एकदा आपल्या कानातली बाळी मोडून तिला चपला घेतलेल्या, मिठाने पाय फाटतात म्हणून. त्या चपला ती मांडीवर घेऊन बसते... यमुनेने हे वाचलं तेव्हा शेजारची बायजाक्का डोळ्यांना पदर लावून रडली. मीही डोळे चोळले. मी म्हटलं कोंडा गेला.

सकाळी बांधावर पोलिसांची जीप येऊन उभी राहते. फौजदार खाली न उतरताच विचारतो, "काय बाई, कुणी आलं होतं का इकडे?"

आणि यमुनेने पुस्तक मिटलं.

अध्याय अर्धा. असं तिने जन्मात केलं नव्हतं. बायका ओरडायला लागल्या. ती म्हणाली, "दमले गो. उद्या."

बायका गेल्या. मी म्हटलं, "सांगून टाकेल ती. नवऱ्यासाठी कुनीपन सांगेल."

"तुमी सांगाल," यमुना म्हणाली.

"मग काय, तू नाय सांगणार? मी कोठडीत, आणि तू त्या कारकुनाला सुकट घालत बसशील?"

ती हसली. "गंगूचं चाललंय, माझं नाय. उद्या ऐका."

सकाळी उठली ती छाती दाबल्यासारखी होतेय म्हणाली. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाला, "गॅस आहे, आजी. तेलकट बंद करा." गोळी दिली, घरी पाठवली. दुपारी, ज्या वेळेला ती वाचायला बसायची, त्या वेळेला गेली. गॅस! गॅसने माणूस मरतं? त्या डॉक्टरला मी भर बाजारात विचारलंय, आणि परत दिसला तर परत विचारीन.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. मग बायजाक्का आली, सोबत आळीतल्या बायका. बायजाक्का म्हणजे आमच्या चाळीतली सगळ्यात जुनी, यमुनेची सख्ख्या बहिणीसारखी. म्हणाली, "धर्मादादा, पोथी अर्धी रायली."

"कसली पोथी? खुनाचं पुस्तक हाय ते."

"तिनं लावलेलं हाय ना? अर्धं ठेवून गेली. जीव घुटमळतो अशानं. घरच्या कुनीतरी पुरं करा."

मुलगा हसला. मला वाटलं त्याच्या कानाखाली द्यावी. मला दोषबिष काही मान्य नव्हतं. पण मला गंगूने काय सांगितलं ते हवं होतं. ते यमुनेने माझ्यासाठी ठेवलेलं होतं. तिच्या जिभेवर आलेलं, आणि तोंडात राहून गेलं. ते ऐकल्याशिवाय मला अन्न गोड लागत नव्हतं, हे खरं. मी सुनेला म्हटलं, वाच.

सून वैशाली, बँकेत आहे, चांगली शिकलेली. तीही बिचारी पाटावर बसली, डोक्यावर ओढणी घेतली. म्हणाली, मागच्या अध्यायापासून घेते, म्हणजे मलाही कळेल. वाचायला लागली बातम्या वाचल्यासारखी. अविनाश पळाला. मिठागर आलं. "झोपडी रिकामी होती," ती वाचत गेली. "अविनाश रात्रभर तिथे पडून राहिला. पहाटे मचवा आला आणि तो त्यात चढला."

"थांब," मी म्हटलं. "गंगू कुठंय?"

"कोण गंगू, बाबा?"

"पानं चिकटली असतील. नीट बघ."

तिने बघितलं. "नाही हो. नंबर सगळे सलग आहेत."

बायजाक्का पुढे सरकली. "अगो पोरी, ती पेज देते त्याला. चपला मांडीवर घेऊन बसते. आमी हितंच रडलो."

वैशालीने पुढची पानं चाळली, मागची चाळली. मग पुस्तक हळूच मिटून म्हणाली, "बाबा, आईंनी मनाने सांगितलं असेल. त्यांचे वडील मिठागरावर होते ना? लहानपणी बघितलेलं असेल काहीतरी."

शिकलेल्या माणसांना सगळं लगेच कळतं. मी तिला म्हटलं, तुझी सासू तुला माहीत नाही. यमुनेला गोष्ट सांगता यायची नाही. टुरिंग टॉकीजला सिनेमा बघून आली आणि मी विचारलं काय झालं त्यात, तर म्हणायची, "लगीन झालं." संपला सिनेमा. ती मनाने गंगू रचेल? आणि मी समोर बसलेला असायचो. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, ओळ संपली की खाली येत होतं, पान उलटत होतं. रचणारा माणूस पान कशाला उलटेल?

सून गेल्यावर मी ते पुस्तक स्वतः धरलं. चष्मा लावून, यमुनेसारखं बोट ठेवून. किती दिवस लागले ते विचारू नका. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. गंगू नाही. बाई म्हणून त्या पुस्तकात एक नाचणारी आणि एक मेलेली, बस.

तेव्हा मला जो राग आला ना, तो कुणावर काढावा कळेना. मग इब्राहिमभाईवर काढला. तडक उरण नाका गाठला. तो छत्रीला काडी बसवत होता.

"इब्राहिमभाई, पुस्तक बदललंस."

"दादा, बसा तर आधी."

"बसत नाय. खरं पुस्तक काढ. ह्यात गंगू नाय."

त्याने छत्री बाजूला ठेवली. पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "एकच कॉपी हाय दादा. मी कुवेतला जायच्या आधीची. ही बांधणी माझ्या हातची हाय. तीनदा वाचलंय मी. खुदा कसम, गंगू नाय ह्याच्यात. कधीच नव्हती."

"मग यमुना खोटं वाचत व्हती? असंच ना?"

"तौबा. मी असं बोललो?" तो म्हणाला. "भाभी एकदा पुस्तकावर चहा सांडला तर स्वतः येऊन डाग दाखवून गेल्या. दुसरं कुणी असतं तर गुपचूप परत ठेवलं असतं. भाभी खोट्या नाय. पण पुस्तकपण खोटं नाय. आता दोन्ही खरं कसं, ते मला इचारू नका."

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. इब्राहिमभाईने चहा मागवला आणि म्हणाला, "तो येतोय, ठाऊक हाय ना? ह्या रविवारी. त्याची सगळी जुनी पुस्तकं नव्याने काढलीत. सत्कार हाय, हॉलमध्ये. ज्यानं लिवलं त्यालाच इचारा की."

रविवारी संध्याकाळी मी धुतलेली टोपी घालून गेलो. इब्राहिमभाई सोबत, मी काही करीन या भीतीने आलेला. हॉल भरलेला. स्टेजवर एक प्रोफेसर, तो अर्धा तास स्वतःबद्दलच बोलला. मग शाल, नारळ, हार. लेखक उठला. उंच, गोरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. म्हणाला, "माझ्या सुरुवातीच्या पुस्तकांकडे मी बऱ्याच वर्षांनी वळून पाहिलं. थोडी डागडुजी केली. तेव्हाचा मी मला अनोळखी वाटला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाच्या, मला कळलं नाही.

मग प्रश्न सुरू झाले. एका मुलीने विचारलं, सर, तुम्हाला प्लॉट कुठून सुचतात. तो हसून काहीतरी बोलला. मी उठलो.

"गंगूनं काय सांगितलं?"

प्रोफेसर माइकमध्ये म्हणाला, "आजोबा, आधी नाव सांगा."

"गंगू. त्यांना ठाऊक हाय."

हॉल हसला. प्रोफेसर म्हणाला, "तुमचं नाव हो. आणि प्रश्न पुस्तकाबद्दल असू द्या."

"पुस्तकाबद्दलच इचारतोय. मिठागराच्या बांधावर पोलिसांची जीप आली. झोपडीत माणूस लपलाय. हिचा नवरा कोठडीत. फौजदारानं इचारलं, कुणी आलं व्हतं का. गंगूनं काय सांगितलं, तेवढं सांगा, मी खाली बसतो."

लोक अजून हसत होते. लेखक हसत नव्हता. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता, तो त्याने टेबलावर ठेवायला गेला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. प्रोफेसरने धरला म्हणून पडला नाही. मग लेखक म्हणाला, "पुढचा प्रश्न घ्या."

पुढचा प्रश्न! इब्राहिमभाईने माझा सदरा मागून धरला नसता तर मी स्टेजवर चढलो असतो. "घरी चला दादा," तो कानात म्हणत होता, "इज्जत जाते." मी म्हटलं, कुनाची?

आम्ही दारापर्यंत गेलो, तेवढ्यात आयोजकांपैकी एक जण धावत आला. सरांनी बोलावलंय म्हणाला. फक्त मला.

स्टेजच्या मागे खोली होती. लोखंडी खुर्च्या रचून ठेवलेल्या, टेबलावर बटाटेवड्यांची बशी. लेखकाने शाल काढून ठेवलेली. शालीशिवाय तो माझ्याच वयाचा म्हातारा दिसत होता. त्याने दार लावून घेतलं.

"बसा."

"उभाच बरा."

"तुम्ही कुठल्या छापखान्यात होता?"

"गिरणीत व्हतो. भाताच्या."

"मग गंगू तुम्हाला कुणी सांगितली?"

"बायकोनं वाचली. तुमच्याच पुस्तकातनं. ओटीवर, सगळ्यांदेखत."

तो मान हलवत राहिला. "शक्य नाही. ती छापलीच नाही. छापखान्यात गेलीच नाही." मग त्याने सांगितलं. तेव्हा तो भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. पुस्तक लिहून झालं, तर प्रकाशक म्हणाला जाड झालंय, कमी करून आणा. ह्याने रात्री बसून गंगूची सगळी पानं काढली आणि सकाळी घरमालकाच्या बंबात घातली. कुणाला दाखवली नव्हती. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. "मी स्वतः तिला विसरलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही हॉलमध्ये नाव घेतलंत तेव्हा..."

मला तो बनवतोय असं वाटलं. इतकी पुस्तकं लिहिणारा माणूस, त्याला एक थाप मारायला काय लागतं? म्हटलं, परीक्षा घ्यावी. म्हटलं, "तिचा नवरा कसा दिसायचा?"

त्याने विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप वर गेला, स्वतःच्या डाव्या कानाची पाळी धरली. "इथे भोक होतं," तो म्हणाला. "बाळी नव्हती."

साहेब, मी हॉलमध्ये बाळीचं बोललो नव्हतो. सुनेला बोललो नव्हतो, इब्राहिमभाईला बोललो नव्हतो. माझ्या अंगावर काटा आला, हे मी लिहून देतो. आयुष्यात पहिल्यांदा आला. मी म्हटलं, "बाळी मोडून काय घेतलं त्यानं?"

तो आठवत राहिला. आठवेना. मी म्हटलं, "चपला."

"मिठाने पाय फाटतात म्हणून," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

बाहेर खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. मग मी विचारलं. हळू विचारलं. "मग बांधावर काय बोलली ती? सांगितलं फौजदाराला, का नाय सांगितलं?"

"आठवत नाही."

"असं कसं आठवत नाय?"

"खरंच आठवत नाही हो. दोन्ही तऱ्हेने लिहून बघितलं असेल. किती वर्षं झाली. त्यानंतर मी इतकं लिहिलं..."

"तुमीच लिवली ना तिला?"

तो उठून माझ्याजवळ आला. म्हणाला, "एक करू. तुम्हाला काय वाटतं, काय सांगितलं असेल तिने? तुम्ही सांगा, तसं लिहितो. नव्या आवृत्तीत घालतो. तुमच्या मिसेसच्या नावाने अर्पण करू पुस्तक."

मग मात्र माझा तोल गेला. "मी काय शिंप्याकडे सदरा शिवायला आलोय? माप घेताय माझं? आंघोळीच्या पान्यासाठी एक बाई जाळलीत तुमी बंबात, आणि वर इसरलात. माझ्या बायकोनं तिला कुटनं काढली मला ठाऊक नाय. पन तिनं काढली. तुमाला जमली नाय."

दारावर कुणीतरी टकटक केली. लेखकाने "थांबा" म्हणून सांगितलं. खिशातून पेन काढलं. म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. पण एक कराल? तुमच्या मंडळींनी वाचलं, तसं मला सांगाल? सुरुवातीपासून, ती झोपडीत येते तिथपासून. मी लिहून घेतो. नंतर मी तसं काही लिहूच शकलो नाही."

पेन हातात धरून उभा होता. त्याला खरंच हवं होतं. यमुना म्हणत होती ना, कुठं बिघडला ते बघायचंय. बघितलं मी तिच्या वतीने. पण मी म्हटलं, "नाय."

"त्यांच्यासाठी तरी."

"तिच्यासाठीच नाय. तुमी परत इसराल."

बाहेर इब्राहिमभाई पायरीवर बसलेला. "काय बोलला?" मी म्हटलं, इसरला म्हणतो. त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

तुमचे वाचक आता पत्रं पाठवतील, योगायोग म्हणून. पाठवू नका. लेखकाने तेव्हा कुणाला तरी सांगितलं असेल, त्याने दुसऱ्याला, तिसऱ्याने गव्हाणला येऊन माझ्या बायकोला सांगितलं, असंही माझ्या मुलाने मला समजावलंय. यमुना आयुष्यात गव्हाणहून पनवेलला आली आणि पनवेलहून कुठे गेली नाही. दुसऱ्या एकाने सांगितलं की तिच्यात कुणाचा तरी आत्मा शिरला होता. त्याला मी ओटीवरून खाली उतरवला. तिच्यात यमुना सोडून कुणी नव्हतं. एवढं मोठं काही घडलं असेल आणि तिला कळलंसुद्धा नसेल. तिला वाटलं, पुस्तकात आहे, वाचलं.

शेवटचं सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जमल्या. बायजाक्काने मला पाटावर बसवलं, पुस्तक हातात दिलं. सगळं ऐकून झालेलं तिचं. म्हणाली, "धर्मादादा, लेखकाला नाय ठाऊक तर नाय. तुमी घरचे. तुमी जे बोलाल तेच गंगूचं बोलणं. सांगा आनि पुरी करा पोथी. सुटू दे तिला."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वाल सोलणं थांबलेलं. मला सांगता आलं असतं. दोनच तर गोष्टी होत्या, आलं होतं किंवा नव्हतं आलं. मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की मी बोललो की हे संपणार. मग मला उद्यापासून कुठल्याच दुपारची वाट बघायला नको. पुस्तक मिटलं.

"पुरी नाय करणार," मी म्हटलं. "घरी जा."

"अवो दादा, जीव घुटमळेल तिचा."

"घुटमळू दे. हितंच घुटमळू दे. कुनी सांगितलं व्हतं तिला असं अर्ध्यात उठून जायला?"

बायजाक्का तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मग वालाची परात उचलून गेली. आळीत सगळे म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पुस्तक मी इब्राहिमभाईला परत केलेलं नाही, आणि त्यानेही मागितलेलं नाही.

खुलासा माझ्याकडे नाही, साहेब. जे पान जळून गेलं ते माझ्या ओटीवर कसं वाचलं गेलं, मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. पण मला खुलासा नकोच आहे. बांधावर गंगू काय बोलली तेवढं मला हवंय, आणि तेही यमुनेच्याच तोंडून. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.